सूर्याचा वसूल आणि मातीची मुदत

दौलताबादचा घाट चढून वेरुळाकडे निघालेला प्रवासी खुलताबादच्या वेशीत शिरतो, तेव्हा त्याचे लक्ष औरंगजेबाच्या साध्या, उघड्या कबरीकडे, सूफी अवलियांच्या दर्ग्यांच्या घुमटांकडे किंवा निद्रिस्त मुद्रेतील भद्रा मारुतीच्या देवालयाकडे वेधले जाते. आणि ज्या भूमीच्या पोटात मलिक अंबरापासून आलमगीर बादशहापर्यंत इतकी नामांकित माणसे विसावली आहेत, तिच्याविषयी बोलताना इतिहास प्रथम आठवावा हे स्वाभाविकच आहे. परंतु ह्या मुलखाची आणखी एक ओळख आहे आणि ती बादशहांहून व अवलियांहून पुष्कळ जुनी आहे. हा पाणी दुभंगण्याचा मुलूख आहे. तालुक्यातील म्हैसमाळचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंच आहे. ह्या डोंगररांगेतून निघणारी गिरिजा नदी पूर्वेची वाट धरून फुलंब्रीकडे जाते आणि पुढे पूर्णेस मिळते. तर येळगंगा पश्चिमेच्या कड्यावरून वेरूळच्या लेण्यांत उडी घेते आणि शिवना नदीच्या द्वारे गोदावरीस जाऊन मिळते.

एकाच ढगातून, एकाच माथ्यावर, हातभर अंतराने पडलेले दोन थेंब अशा रीतीने एकमेकांस पाठमोरे होतात, आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते तेव्हा, दोनतीन जिल्ह्यांची वाट तुडवून झाल्यावर, त्यांची पुन्हा गाठ पडते. मधल्या प्रवासात ते गढूळ होतात, निवळतात, मुरतात, पाझरतात, पिकांच्या मुळांवाटे वर चढतात आणि पानांवाटे हवेत जातात. ह्या अखंड फेऱ्याला आपण जलचक्र म्हणतो, आणि शाळेच्या पुस्तकातील बाणांची आकृती पाहून ते आपल्याला समजले असे मानतो. त्या आकृतीत पाणी कोठून कोठे जाते हे दिसते. जाता जाता ते शुद्ध कसे होते हे मात्र दिसत नाही. वास्तविक पाहता निसर्गाने ह्या कामासाठी दोन स्वतंत्र व्यवस्था नेमल्या आहेत, एक सूर्याची आणि दुसरी मातीची. त्यांची कामे निराळी, त्यांच्या मर्यादा निराळ्या, आणि एकीची उणीव दुसरीने भरून काढावी अशी त्यांची वाटणी आहे.

प्रथम एकंदर भांडवल किती आहे ते पाहू. पृथ्वीवर सुमारे १३८ कोटी ६० लाख घनकिलोमीटर पाणी आहे असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. परंतु त्यापैकी साडेसत्त्याण्णव टक्के पाणी खारे आहे. उरलेल्या अडीच टक्के गोड्या पाण्यातही दोनतृतीयांशाहून अधिक भाग हिमाच्या रूपाने ध्रुवप्रदेशांत आणि पर्वतशिखरांवर गोठलेला आहे, सुमारे तीस टक्के भूगर्भात आहे, आणि नद्या व सरोवरे मिळून त्यात अर्धा टक्काही भरत नाही. ज्या पाण्यावर मनुष्यजातीचा बहुतेक व्यवहार चालतो ते इतके अल्प आहे, आणि तरीही ते हजारो वर्षे पुरले आहे, कारण ते साठ्यातून खर्च होत नसून प्रवाहातून मिळत असते. वातावरणात एका वेळी असलेली सगळी वाफ पाणी होऊन पृथ्वीवर सारखी पसरली, तर तिचा थर जेमतेम अडीच सेंटीमीटरांचा होईल. परंतु ही वाफ सरासरीने आठनऊ दिवसांत पावसाच्या रूपाने खाली येते आणि तिची जागा नवी वाफ घेते, म्हणून वर्षाकाठी तेवढ्याशा साठ्यातून सरासरी एक मीटर पाऊस पडू शकतो.

कालिदासाने रघुवंशात दिलीप राजाच्या करवसुलीचे वर्णन करताना सूर्याचा दाखला दिला आहे: राजा प्रजेकडून घेतो ते तिलाच अनेक पटींनी परत देण्यासाठी, जसा रवी पृथ्वीचा रस शोषतो तो सहस्रगुणांनी वर्षण्यासाठी. ह्या उपमेत काव्याइतकेच शास्त्रही आहे. मात्र आधुनिक वाचकाने तिला एक कलम जोडावयास हवे. सूर्य जो वसूल करतो तो केवळ शुद्ध पाण्याचाच. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. परंतु पृष्ठभागावरील पाण्याचा रेणू उष्णतेने चंचल होऊन हवेत निसटतो तेव्हा मिठाचे कण त्याच्या पाठोपाठ जाऊ शकत नाहीत, कारण त्यांना पाण्याने विद्युत्‌आकर्षणाने चोहोबाजूंनी जखडून ठेवलेले असते, आणि वायुरूप होण्यास लागणारी उष्णता सूर्याच्या उन्हात मिळण्यासारखी नसते. त्यामुळे पाणी वर जाते आणि मीठ मागे राहते. विंध्य-सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंत सर्वत्र पडणारा पाऊस मुख्यत्वे अरबी समुद्रातून व हिंदी महासागरातून आलेला असूनही खारट लागत नाही, ह्याचे रहस्य एवढेच आहे.

ह्या कामाला लागणारी शक्ती मात्र विलक्षण आहे. साधारण २० अंश तपमानाच्या एक लिटर पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे ५८५ किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढ्याच उष्णतेत तसले सात लिटर पाणी उकळीस आणता येईल. मनुष्याने समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने उभारले आहेत, परंतु त्यांचा खर्च पाहिला म्हणजे सूर्य हे काम सर्व समुद्रांच्या पृष्ठभागावर, अहोरात्र आणि विनामूल्य करीत असतो ह्याचे मोल लक्षात येते.

ही गोष्ट आज सोपी वाटत असली, तरी युरोपातील विद्वानांत कित्येक शतके निराळीच समजूत प्रचलित होती. समुद्राचे पाणी भूमीखालून पर्वतांच्या पोटात शिरते, मातीतून गाळले जाताना त्याचा खारटपणा नाहीसा होतो आणि तेच झऱ्यांच्या रूपाने वर येते, असे ते मानीत. पिएर पेरो ह्या फ्रेंच गृहस्थाने १६७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सीन नदीच्या वरच्या खोऱ्यातील पावसाचा आणि नदीतून वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला, तेव्हा पाऊस नदीच्या सुमारे सहापट भरला. म्हणजे नदी पोसण्यास पाऊसच पुरेसा होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत एडमंड हॅले ह्याने, ज्याचे नाव एका धूमकेतूस दिलेले आहे, तापविलेल्या खाऱ्या पाण्याच्या तसराळ्यातून किती पाणी उडते ते तोलून पाहिले आणि त्यावरून भूमध्य समुद्रातून दररोज उठणाऱ्या वाफेचा अंदाज बांधला. माती मीठ गाळू शकत नाही. ते काम सूर्याचेच. जुन्या विद्वानांची चूक ही की त्यांनी एका व्यवस्थेचे काम दुसरीच्या नावे लिहिले.

वाफ वर गेली म्हणजे पाऊस झाला असे मात्र नाही. पूर्णपणे निर्मळ हवेत वाफेचा थेंब सहजासहजी बनतच नाही. त्याला आधारासाठी एखादा सूक्ष्म कण लागतो, मग तो धुळीचा असो, धुराचा असो, किंवा समुद्राच्या तुषारांतून उडालेल्या मिठाचा असो. अशा कणाभोवती वाफ जमून मेघातील सूक्ष्म बिंदू होतो आणि असे सुमारे दहा लाख बिंदू एकत्र आले म्हणजे पावसाचा एक चांगला थेंब होतो. पावसाचे पाणी अतिशय शुद्ध खरे, परंतु त्याच्या जन्माला अशुद्धीचा स्पर्श अनिवार्य असतो. सह्याद्रीला अडून वर चढणारी हवा थंड होते आणि महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी ओतून मोकळी होते. पलीकडच्या पर्जन्यछायेत मराठवाड्याच्या वाट्याला त्यातील शेष तेवढे येते. छत्रपती संभाजीनगरला वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातलाही बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत.

खाली येताना थेंब आकाश धुऊन काढतो. हवेतील कर्बद्विप्राणिल वायू त्यात विरघळतो आणि त्यामुळे अगदी स्वच्छ हवेतील पाऊसही किंचित आम्ल असतो; आपल्याकडे उन्हाळाभर उडालेली चुनखडीयुक्त धूळ ही आम्लता बऱ्याच अंशी मारून टाकते. पहिल्या पावसाचे पाणी साठवू नये हा जुन्या घरांतील दंडक होता, आणि तो निव्वळ रूढीचा नव्हे. सुश्रुताने आकाशातून पडणाऱ्या पाण्याचे ‘गांग’ आणि ‘सामुद्र’ असे भेद सांगून त्यांची परीक्षाही दिली आहे: शिजविलेल्या तांदळाचा मुटका रुप्याच्या पात्रात घालून मुहूर्तभर पावसात ठेवावा, त्याचा रंग बदलला नाही, तो पाघळला नाही, तर ते पाणी पिण्यास योग्य समजावे. आजची प्रयोगशाळा ही परीक्षा मान्य करणार नाही. पण पावसाचे पाणी सरसकट पवित्र न मानता ते पारखून घ्यावे, ही त्यामागची बुद्धी मान्य करावयास कोणाचीच हरकत नसावी.

येथवर सूर्याचा अंमल. थेंब म्हैसमाळच्या माथ्यावर टेकला की दुसऱ्या व्यवस्थेची हद्द सुरू होते. एक हेक्टर जमिनीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सत्तर लाख लिटर पाणी पडले. त्यातला मोठा हिस्सा उन्हाने आणि वनस्पतींच्या श्वासाने पुन्हा हवेत परततो, काही उतारावरून ओढ्यास मिळतो, आणि थोडासा भाग जमिनीत मुरतो. हा मुरणारा हिस्सा परिमाणाने सर्वांत लहान, परंतु पिण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. तो कसा मुरतो हे पाहावयाचे असेल, तर ह्या भागात नव्याने खणलेल्या एखाद्या विहिरीच्या काठावर उभे राहून तिच्या भिंतीकडे पाहावे. वर वीतदोन वीत माती. तिच्याखाली कुदळीने सुटणारा पिवळसर, भुसभुशीत मुरूम. त्याखाली राखी रंगाचा, बारीक छिद्रांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या. त्याच्याही खाली सुरुंगाशिवाय दाद न देणारा काळा पाषाण, आणि त्याला उभ्या-आडव्या चिरा. क्वचित दोन थरांच्या मध्ये विटेच्या रंगाचा, चिकट तांबड्या मातीचा पट्टा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा उभा छेद होय. आणि ज्या पाषाणातून राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी कैलास लेणे कोरून काढले, तोही ह्याच कुळातला. पाणी मुरमातून उतरते, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि पाषाणाच्या चिरांत साठते, तांबड्या पट्ट्याशी अडते आणि वाट मिळेल तेथे आडवे पाझरते. विहीर खणणारे ज्याची आतुरतेने वाट पाहतात तो झरा बहुधा अशा सांध्यावरच लागतो.

ह्या वाटेवर पाण्याची शुद्धी तीन प्रकारे होते. पहिला प्रकार गाळण्याचा: मातीच्या कणांमधील फटी इतक्या अरुंद असतात की गाळ, काडीकचरा आणि कृमींची अंडी वरच्या वर अडकून राहतात. दुसरा प्रकार चिकटण्याचा: काळ्या मातीतील चिकणकणांचे पृष्ठभाग ऋणभारित असतात, त्यामुळे शिसे, तांबे ह्यांसारखी धनभारित द्रव्ये त्यांना बिलगतात, पुष्कळसे सेंद्रिय पदार्थही असेच मातीच्या अंगाला लागून राहतात. तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित, तो म्हणजे भक्षणाचा. सुपीक मातीच्या चिमटीत कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. पाण्याबरोबर आलेली घाण हे त्यांचे अन्न. ते तिचे विघटन करून तिच्यापासून कर्बद्विप्राणिल वायू, पाणी आणि साधे क्षार बनवितात, आणि माणसाच्या आतड्यांतून आलेले रोगजंतू ह्या परक्या मुलखात उपासमारीने, स्पर्धेने आणि भक्षकांच्या तडाख्याने हळूहळू नाश पावतात.

ह्या तिसऱ्या प्रकाराचा पुरावा जगाला एका दुर्दैवी प्रसंगाने दिला. १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी जलकंपनीसाठी जेम्स सिम्प्सन ह्या अभियंत्याने वाळूचे मोठे गाळणतलाव बांधले होते, परंतु त्यांचे खरे सामर्थ्य कशात आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १८९२ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याला लागूनच आल्टोना हे गाव होते. एका रस्त्याच्या ह्या बाजूस हॅम्बुर्ग आणि त्या बाजूस आल्टोना अशी स्थिती होती. आल्टोना तर एल्ब नदीचे पाणी हॅम्बुर्गची घाण नदीत मिसळल्यानंतर, खालच्या अंगाला घेत असे. तरीही तेथे साथ फारशी पसरली नाही. फरक एवढाच होता की आल्टोनाचे पाणी वाळूच्या थरांतून सावकाश गाळले जाई आणि हॅम्बुर्गचे जात नसे. रॉबर्ट कॉख ह्याने ह्या घटनेची छाननी केली, आणि वाळूवर जमणाऱ्या बुळबुळीत जिवंत साईचे महत्त्व सर्वत्र मान्य झाले. ती साय हे मातीच्या वरच्या थराचेच मनुष्याने बांधलेले लघुरूप होते. अशा तलावातून पाणी तासाला दहावीस सेंटीमीटरांहून फारसे अधिक उतरू देत नाहीत. घाई केली की शुद्धी होत नाही.

येथे ह्या विषयाचे मर्म आहे. सूर्याची शुद्धी तत्क्षणी होते. पाण्याने पृष्ठभाग सोडला की मीठ मागे राहिलेच. मातीची शुद्धी मुदतीने होते. जर्मनीत पिण्याच्या पाण्याच्या विहिरींभोवती संरक्षित पट्टा आखताना असा नियम पाळतात की पट्ट्याच्या हद्दीपासून विहिरीपर्यंत भूजलाला पोचण्यास निदान पन्नास दिवस लागावेत. एवढ्या अवधीत बहुतेक रोगजंतू निकामी होतात असा अनुभव आहे. अंतर मीटरांत न मोजता दिवसांत मोजण्याची ही रीत आमच्या पठाराला विशेष उद्बोधक आहे. वाळूच्या प्रदेशात पन्नास दिवसांत पाणी थोडेसेच सरकते. परंतु काळ्या पाषाणाच्या रुंद चिरेतून ते काही तासांतही बरीच मजल मारू शकते. वर मातीचा आणि मुरमाचा थर शाबूत असेल तर चिरेत शिरण्यापूर्वीच पाण्याची मुदत भरलेली असते. तो थर धुऊन गेला असेल आणि शोषखड्डा थेट पाषाणाच्या चिरेशी भिडला असेल, तर विहिरीचे पाणी दिसावयास स्फटिकासारखे असले तरी विश्वासास पात्र नसते.

आपल्या पूर्वजांनी हा मुदतीचा व्यवहार निराळ्या भाषेत ओळखला होता. आयुर्वेदाच्या संहितांत शरद ऋतूतील पाण्याला हंसोदक म्हटले आहे. ते दिवसा सूर्यकिरणांनी तापते, रात्री चांदण्याने शीतल होते, आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष होते, असे त्याचे वर्णन आहे. ज्याला ह्यातील तथ्य तपासावयाचे असेल त्याने वेरूळला सीतेची न्हाणी म्हणून जो धबधबा आहे, तो दोन वेळा पाहावा. आषाढात मोठी सर येऊन गेल्यावर येळगंगेचे जे पाणी एकोणतिसाव्या लेण्याजवळ कड्यावरून कोसळते ते चहाच्या रंगाचे, पालापाचोळ्याने भरलेले आणि कानठळ्या बसविणारे असते; ओंजळीत घेतले तर तळहातावर गाळाची रेघ उरते. आश्विनात तीच धार बारीक झालेली असते आणि तिच्या खालच्या डोहातील खडे मोजता येतात. हा फरक अगस्तीने केलेला नसून तो पाण्याच्या मार्गातील फरक आहे. आषाढातले पाणी उतारावरून धावत आलेले, नुकतेच पडलेले. आश्विनातले पाणी मुरमातून आणि सांध्यांतून पाझरून, कित्येक दिवस वा आठवडे भूमीत काढून आलेले. पावसाळा ओसरल्यावर ओढ्याला पाणी पुरविते ते आकाश नव्हे, जमीन. अगस्तीचा उदय हा त्या पालटाचा पंचांगातील साक्षीदार आहे, कर्ता नव्हे.

तथापि मातीच्या व्यवस्थेची स्तुती करताना तिच्या उणिवा लपविणे योग्य होणार नाही. ती गाळ आणि जीव काढून घेते. पण विरघळलेले पदार्थ काढून घेण्याऐवजी पुष्कळदा त्यांत भरच घालते. मातीतील सूक्ष्म जीवांनी सोडलेला कर्बद्विप्राणिल वायू पाण्यात मिसळून त्याला सौम्य आम्ल बनवितो, आणि ते आम्ल काळ्या पाषाणातून चुना व मॅग्नेशियम विरघळवून घेते. म्हणूनच पावसाचे पाणी हलके आणि विहिरीचे जड. पहिल्यात डाळ लवकर शिजते, दुसऱ्यात साबणाला फेस येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे विरघळलेले एकूण घन पदार्थ ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. मुरमात आणि मांजऱ्याच्या पोकळ्यांत जे पांढरे, चमकदार स्फटिक सापडतात, त्यांतील पुष्कळसे जिओलाइट वर्गाचे असतात. ते पाण्यातला चुना घेऊन त्याच्या बदल्यात सोडियम देऊ शकतात, आणि ह्याच गुणावर पाणी हलके करण्याची यंत्रेही निघाली. परंतु निसर्गात हा विनिमय सर्वत्र पुरेसा होतोच असे नाही.

ह्याहून गंभीर उणीव नायट्रेटची. शेतात टाकलेल्या युरियातील आणि गोठ्यातील मलमूत्रातील नत्राचे मातीतले जीव नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे द्रव्य स्वतः ऋणभारित असल्यामुळे ऋणभारित चिकणकण त्याला धरून ठेवीत नाहीत; पिकांनी उचलले नाही तर ते पाण्याबरोबर सरळ खाली उतरते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा ठरलेली आहे, आणि ती ओलांडली तर तान्ह्या मुलांना विशेष धोका असतो. कितीही मुदत दिली तरी असे विरघळलेले द्रव्य माती बहुधा परत घेत नाही. ते पाण्यापासून वेगळे व्हावयाचे असेल, तर पाण्याला फिरून एकदा सूर्याच्या दरबारात हजर व्हावे लागते.

सूर्याच्या व्यवस्थेचीही दुसरी बाजू आहे. तो शुद्ध तेवढे नेतो. अर्थात अशुद्ध तेवढे आपल्याकडे ठेवतो. पैठणचा नाथसागर पूर्ण भरला म्हणजे सुमारे ३५० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरतो, परंतु तो उथळ आहे. आणि ज्या प्रदेशात बाष्पीभवनाची क्षमता वार्षिक पावसाच्या दुपटीहून अधिक आहे, तेथे एवढ्या विस्तीर्ण उथळ पाण्यावर उन्हाळा किती मोठा हक्क सांगत असेल ह्याची कल्पना करता येते. उडालेले पाणी कोठेतरी पाऊस होऊन पडेल, पण ते पैठणलाच पडेल असे नाही. शेतातही तीच गोष्ट: पाटाचे पाणी वारेमाप दिले आणि निचऱ्याची सोय केली नाही, तर सूर्य पाणी उचलतो आणि क्षार मातीत साठत जातात, काही वर्षांत चांगली काळी जमीन खारवट किंवा चोपण होते. हे क्षार धुऊन नेऊन समुद्राच्या हवाली करण्याचे काम नद्यांचे आहे, आणि नदीला वर्षभर थोडेतरी वाहू द्यावे असे जलशास्त्रज्ञ सांगतात त्याचे हेही एक कारण आहे.

ह्या दोन व्यवस्थांचे वर्म ओळखून बांधलेली कामे ह्याच जिल्ह्यात उभी आहेत. ज्या मलिक अंबराची कबर खुलताबादेत आहे, त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविल्यावर १६१७ च्या सुमारास त्याला नहरे-अंबरीने पाणी दिले. डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यात पाझरू द्यावयाचे, आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणावयाचे, अशी तिची रचना होती. वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी आणि सफाईसाठी उभे उच्छ्वास ठेवलेले होते. ह्या युक्तीने पाण्याला मातीची मुदत मिळाली, आणि ते झाकलेले राहिल्यामुळे वरून सूर्याचा वसूल व रस्त्यावरची घाण ह्या दोन्ही गोष्टी टळल्या. बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्याजवळील पाणचक्कीस अशाच दुसऱ्या नहरेने पाणी पुरविले. तेथे ते उंच भिंतीवरून हौदात कोसळते तेव्हा त्यात हवा मिसळते. वेरूळला अहिल्यादेवी होळकरांच्या नावाशी निगडित असलेल्या शिवालय तीर्थाच्या पायऱ्या खाली खाली उतरत भूजलाशी जाऊन भिडतात. ही बांधकामे करणाऱ्यांना जंतू ठाऊक नव्हते, परंतु झिरपलेले पाणी वाहून आलेल्या पाण्याहून बरे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आजचा व्यवहार उलट दिशेने चालला आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रभर पाझर तलाव खणले गेले, तेव्हा मुख्य हेतू विहिरींना पाणी यावे हा होता. पुढे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा खेडोपाडी पोचली तीही पाण्याच्या परिमाणासाठीच. विजयअण्णा बोराडे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली जालना जिल्ह्यातील कडवंची गावी १९९६ पासून माथ्यापासून पायथ्यापर्यंत जे पाणलोटाचे काम झाले, त्याची कीर्ती तेथील द्राक्षबागांमुळे झाली. पण जिरविलेले पाणी हे गाळलेले पाणीही असते, ही बाजू क्वचितच सांगितली जाते. उलट खोल कूपनलिका घेऊन आपण पुष्कळ वर्षांपूर्वी मुरलेले पाणी उपसतो, आणि त्या जागी नव्या पाण्याला मुरण्यास अवसर देत नाही. उतारावरची झुडपे तोडली, बांध फोडले, ओढ्याचे पात्र सपाट केले की थेंबाचा मुक्काम कमी होतो. तो लवकर नदीस मिळतो, लवकर आटतो, आणि वाटेत जे काही भेटेल ते बरोबर घेऊन जातो.

ह्या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की दोन व्यवस्थांपैकी सूर्याची आपल्या आटोक्याबाहेरची आहे. तिला आपण मदत करू शकत नाही आणि सहसा मोडूही शकत नाही. मातीची मात्र सर्वस्वी आपल्या स्वाधीन आहे, आणि तिचा बिघाड वर्षानुवर्षे दिसतही नाही, कारण पाणी तर येतच राहते. नाहीशी होते ती मुदत. म्हणून जी गावे पाणलोटाच्या माथ्यावर आहेत, त्यांच्यावर इतरांहून मोठी जबाबदारी येते. डोंगरउतारावर नांगर न घालता गवत व झाडी राखणे, समतल चर खोदून पाण्याला थांबविणे, शौचालयाचा खड्डा विहिरीपासून दूर आणि मुरमाच्या जाड थरात घेणे, खताची मात्रा पिकाच्या भुकेएवढीच ठेवणे, ही कामे दिखाऊ नाहीत आणि त्यांना उद्घाटनाचा नारळही लागत नाही. परंतु म्हैसमाळच्या उतारावर ती झाली तर त्यांचा लाभ फुलंब्रीच्या विहिरीपासून परभणीच्या घाटापर्यंत पोचतो. पायथ्याच्या शहराला कितीही खर्चिक जलशुद्धीकरण केंद्र बांधता आले, तरी माथ्यावर गमावलेले पन्नास दिवस त्याला विकत घेता येत नाहीत.